मुलूख सुटला, पारी राहिली

श्रोतेहो, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलेच. त्यांतल्या कित्येकांची गावे आज युक्रेनमध्ये आहेत. त्या मुलखातला घरगुती पदार्थ म्हणजे युक्रेनी लोकांची वारेनिकी, पोलिशांची पिएरोगी. मैद्याची पारी लाटायची, आत बटाटा किंवा कोबी भरायचा, कडा चिमटून उकळत्या पाण्यात सोडायची. तरंगून वर आली की थोड्याच वेळात काढायची. आकार थेट आपल्या करंजीचा!

अंबरनाथशेजारचे उल्हासनगरही सिंधी निर्वासितांच्या छावणीतूनच १९४९ साली नावारूपाला आले. गुरुजी, इतिहास शिकवताना सनावळीबरोबर चुलीकडेही बघा. घरदार मागे राहते, पण पारी चिमटणारी बोटे माणसाबरोबर येतात, आणि आई ती कला लेकीला देते.