गोड ज्वारी : नत्र वापराची कार्यक्षमता

गोड ज्वारीत एक किलो नत्रामागे धांड्यांचे, खरे तर रसातल्या साखरेचे, किती जादा उत्पादन मिळते याचे माप. नुसते धांड्यांचे वजन पाहिले तर फसगत होते: नत्र जास्त झाल्यास पीक हिरवेगार, उंच वाढते, पण वाऱ्यापावसात लोळते आणि साखर त्या प्रमाणात वाढत नाही.

गोड ज्वारीवर महाराष्ट्रात जुने काम फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे. ‘मधुरा’ हा वाण तिचाच. तेलंगणात पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने इंधनासाठी या पिकाचा पाठपुरावा केला. साधारण शिफारस हेक्टरी ८० किलो नत्राची आहे. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने हा सुमारे १७४ किलो युरिया होतो. निम्मा पेरणीला, उरलेला महिनाभराने, जमिनीत ओल असताना. आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूरसारख्या सीमाभागात, जिरायती काळ्या जमिनीत, दुसरा हप्ता पावसाच्या उघडिपीवर अवलंबून राहतो. कोरड्या रानावर फेकलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन उडते. पाणी साचले तरी नत्र वायुरूपाने जाते.

ज्वारीची मुळे सॉर्गोलिओन हे द्रव्य स्रवतात. त्याने नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर मंदावते, म्हणून नत्र जमिनीत जास्त टिकते.

जैवइंधनाच्या हिशेबात नत्राची ही कार्यक्षमता निर्णायक आहे. युरिया बहुधा नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि शेतातून निसटणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो.