बार्शीचे ट्रक आणि अंतराचं कार्ड

माझी मावशी वैरागजवळच्या एका वस्तीवर आशाताई आहे. दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिने पिशवीतून एक कार्ड काढलं. त्यावर तीन-तीन महिन्यांच्या अंतराने तारखा. 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनचं कार्ड. "बायका घरी नेत नाहीत, ताई तुमच्याकडंच ठेवा म्हणतात," ती म्हणाली. "आणि म्हातारी माणसं सुईचं नाव काढलं की बार्शी काढतात."

बार्शी म्हणजे आमचं तालुक्याचं गाव. आणीबाणीत, जानेवारी 1976 मध्ये, तिथे दहा दिवसांत हजार नसबंद्या करायचं ठरलं. पहिले दोन दिवस कुणी फिरकलंच नाही. मग नगरपालिकेचे ट्रक निघाले आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांना रस्त्यावरून उचलून आणलं. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून वाचलो. 1977 नंतर पुरुष कुटुंबनियोजनातून जवळजवळ गायब झाले आणि ऑपरेशन बायकांच्या वाट्याला आलं. आजही महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ते झालेलं असतं.

इंजेक्शनची सुरुवातही काही बरी नव्हती. 1985 मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या आरोग्य केंद्रात नेट-एन या इंजेक्शनची चाचणी सुरू झाली. ही चाचणी आहे, हे बायकांना सांगितलंच नव्हतं. स्त्री शक्ती संघटना आणि इतर कार्यकर्त्या 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे 1993 मध्ये डेपो-प्रोव्हेरा हे दुसरं इंजेक्शन खासगी बाजारात आलं, पण 1995 मध्ये औषधविषयक तज्ज्ञ मंडळाने ते सरकारी कार्यक्रमात नको म्हटलं. सरकारी दवाखान्यात तेच औषध 'अंतरा' नावाने फुकट मिळायला 2017 उजाडलं. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना 24 वर्षं आधी.

विरोध करणाऱ्या बाया चुकल्या होत्या असं मला वाटत नाही. आम्ही कोड बिघडला की जुनी आवृत्ती परत चढवतो. इथे एकदा 150 मिलिग्रॅम औषध दंडात गेलं की तीन महिने ते परत काढता येत नाही. पाळी अनियमित होते, कधी थांबते. बंद केल्यावर दिवस राहायलाही वेळ लागतो, शेवटच्या डोसपासून साधारण सात ते दहा महिने. हे सगळं सुई टोचायच्या आधी सांगायला हवं, आणि नंतर विचारायला कुणीतरी जवळ हवं. तेव्हा ते कोण करणार होतं? पण त्या 24 वर्षांत पाळणा लांबवायचा असलेल्या वैरागच्या बाईपुढे काय होतं, हेही विचारायला हवं. गोळी घरात सापडते, तांबीची भीती, निरोध नवऱ्याच्या मर्जीवर.

मावशीकडे कार्ड ठेवणाऱ्या एकीची दुसऱ्या डोसनंतर पाळीच थांबली. सासूला वाटलं दिवस गेले. मावशी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आली. सासूसमोर लहानग्याच्या लसीचं बोलली, विहिरीवर सुनेशी खरं ते. तिसरा डोस घ्यायचा की नाही, सून अजून ठरवतेय. मावशीने कार्डावरचा तो रकाना कोराच ठेवलाय.