रुंद दाराचे डबे

अवकाशस्थानकाला मानवरहित यानाने रसद पोहोचवायचा पायंडा सोव्हिएत संघाने पाडला. जानेवारी १९७८ मध्ये 'प्रोग्रेस-१' हे यान 'सॅल्यूत-६' ला जाऊन भिडलं. काम संपलं की ते वातावरणात जळून जाई. वर नेलेलं काही खाली आणायची सोय त्यात नव्हती.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकापुढे आणखी एक अडचण होती, दाराची. तिथली प्रयोगशाळा उपकरणांच्या कपाटांनी भरायची होती आणि एकेक कपाट घरातल्या फ्रिजहून मोठं. स्पेस शटल स्थानकाला जोडलं की मधली वाट जेमतेम ८० सेंटिमीटर रुंद, गोल. माणूस जाईल, कपाट अडेल. स्थानकाचे भाग एकमेकांना जोडणारी दारं मात्र चौकोनी, सुमारे सव्वा मीटरची. मग अख्खा सामानाचा डबाच शटलच्या पोटातून यंत्रहाताने उचलून त्या रुंद दाराला लावायचा, रिकामा करायचा, परतीचं सामान भरायचं आणि पुन्हा शटलमध्ये ठेवायचा, असं ठरलं.

हे डबे इटलीने तुरिन शहरात बांधले. मोबदल्यात तिला स्थानकावर संशोधनाचा वाटा मिळाला. लिओनार्दो, राफाएल्लो आणि दोनातेल्लो ही तीन भावंडं. लांबी सुमारे साडेसहा मीटर, आत १६ कपाटांची जागा, नऊ टनांपर्यंत माल. मार्च २००१ मध्ये 'डिस्कव्हरी' या शटलमधून लिओनार्दो पहिल्यांदा गेला.

त्याची सर्वांत मोलाची खेप मला नोव्हेंबर २००८ ची वाटते. 'एंडेव्हर' या शटलमधून त्याने लघवी आणि हवेतला दमटपणा शुद्ध करून पिण्याचं पाणी देणारी यंत्रणा नेली, शिवाय दुसरं शौचालय आणि झोपायच्या खोल्या. पुढच्याच वर्षी स्थानकावर तिघांऐवजी सहा जण राहू लागले. माणसं वाढवायची तर आधी पाण्याची सोय हवी, आणि ती या डब्यातून आली.

दोनातेल्लो कधीच उडाला नाही. राफाएल्लोने जुलै २०११ मध्ये शटलची शेवटची खेप केली. लिओनार्दो त्याच वर्षी स्थानकाला कायमचा जोडला गेला. आज तो तिथलं कोठार आहे. युरोपच्या 'कोलंबस' प्रयोगशाळेचा सांगाडा याच घडणीवर बेतलेला. 'सिग्नस' या मालवाहू यानाचा हवाबंद भागही तुरिनमध्येच बनतो आणि रुंद दारालाच लागतो. मात्र परतीच्या वाटेवर तो 'प्रोग्रेस'सारखाच जळून जातो.