दीडशे कामगारांमागे एक पेटी, अंगणवाडीच्या लेकरांमागे काय?

रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत कुठल्याही मोठ्या कारखान्यात जा. भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी दिसेल. ती कंपनीची मेहेरबानी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४५ ने ती लावायला लावली. दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी हवी. ती ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याकडे राज्य सरकारने मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं. कामगार ५०० च्या वर असतील तर वेगळी खोली आणि तिथे नर्स-डॉक्टरची सोय हवी. आता नव्या कामगार संहिता आल्यात, त्यांतही प्रथमोपचाराची सोय करणं मालकावर बंधनकारकच आहे.

आता त्याच कारखान्यापासून चार-पाच किलोमीटरवरच्या वाडीतली अंगणवाडी डोळ्यासमोर आणा. एक सेविका, एक मदतनीस आणि तीन ते सहा वर्षांची पोरं. खिशात शेंगदाणे, चिंचोके, कुणाच्या तोंडात एक रुपयाचं नाणं. बाहेर कुणाची विहीर, कुणाचं शेततळं, कुठे कालवा. एखाद्या पोराच्या घशात शेंगदाणा अडकला आणि ते निळं पडायला लागलं, तर पुढची चार मिनिटं काय करायचं याचा सराव कुणी केलेला आहे? मशीनजवळ उभ्या असलेल्या धडधाकट माणसाची सोय कायद्याने ७५ वर्षांपूर्वी केली. लेकराची सोय मागे का राहिली? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास बराचसा आपल्याच दोन तालुक्यांच्या आसपास दिसतो.

प्रथमोपचार ही मुळात लढाईतून आलेली विद्या. एस्मार्क नावाचा जर्मन लष्करी सर्जन होता. जखमी सैनिक डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधीच रक्त जाऊन मरतात, हे त्याने रणांगणावर पाहिलं आणि साध्या माणसांना पट्टी बांधायला शिकवायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था निघाली. तिचे सुरुवातीचे वर्ग जिथे भरले, ती ठिकाणं लक्षात घेण्यासारखी आहेत: खाणी, रेल्वे, कारखाने, पोलीस. म्हणजे जिथे पुरुष काम करतात आणि जिथे माणूस जायबंदी झाला की मालकाचं काम अडतं.

आपल्याकडेही ही विद्या त्याच वाटेने आली. दौंड हे रेल्वेचं गाव. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. रेल्वेत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे वर्ग, प्रथमोपचाराच्या स्पर्धा, गार्डच्या डब्यातली पेटी हे सगळं जुनं आहे. दौंडला राज्य राखीव दलाचे दोन गट आहेत, म्हणजे गणवेशातलं खातंही आलं. मग कुरकुंभ आणि रांजणगावला औद्योगिक वसाहती आल्या, त्यांच्यासोबत कायद्याच्या पेट्या आल्या. रूळ, छावणी, कारखाना. ही विद्या आपल्या तालुक्यात आली ती या तीन दारांनी.

आणि गंमत अशी, की मुलं सांभाळणाऱ्या बायांची परंपरा आपल्याकडे याहून नवी नाही. दौंड तालुक्यातलं केडगाव घ्या. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी, अनाथ मुली आणून केडगावच्या माळावर सांभाळल्या. याच रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना बायकांना डॉक्टर होऊ द्या, अशी मागणी केली होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा स्वतः वैद्यक शिकायचं त्यांच्या मनात होतं. ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेलं. लेकरं सांभाळणाऱ्या बाईला शरीराचं ज्ञान हवं, ही जाण आपल्याच तालुक्यात येऊन राहिलेल्या बाईला सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी होती.

दुसरं नाव अनुताई वाघ. जन्म १९१० चा, आपल्या शेजारच्या बारामती तालुक्यातल्या मोरगावचा. ताराबाई मोडकांसोबत १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जायचं, यातून 'अंगणवाडी' निघाली. हा शब्द आज देशभर चालतो. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि अंगणवाडी सरकारी झाली. २०२५ मध्ये त्याला ५० वर्षं झाली. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

योजना सुरू झाली तेव्हा सीपीआर जगाला माहीत होता का? होता, पण तोही नवाच होता. त्याआधी बुडालेल्या माणसाला वाचवायचे नाना प्रकार झाले. अठराव्या शतकात युरोपात तंबाखूचा धूर शरीरात सोडायचे. नंतर पालथं घालून पाठ दाबायची, हात वर-खाली करायचे. १९५० च्या दशकात जेम्स एलम आणि पीटर सफार या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की तोंडाने दिलेला श्वास या सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. १९६० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, वरून दाबून हृदय चालवायची पद्धत जाहीर केली. यातले कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते.

राहिला प्रश्न सरावाचा. जिवंत माणसाची छाती दाबून सराव करता येत नाही. तो सोडवला नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणीवाल्याने. प्लास्टिकच्या बाहुल्या आणि गाड्या बनवणारा माणूस. त्याचा स्वतःचा लहान मुलगा एकदा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. त्याने १९६० मध्ये सरावासाठी माणसाएवढी बाहुली बनवली, आणि आजही जगभर सीपीआर तशाच बाहुल्यांवर शिकवतात. खेळणी बनवणाऱ्या बापाने केलेली ही बाहुली रेल्वेत पोचली, पोलिसांत पोचली, कारखान्यात पोचली. अंगणवाडीत मी तरी पाहिलेली नाही. बातमीच्या निमित्ताने जातो तिथे वजनकाटा दिसतो, उंची मोजायची पट्टी दिसते, औषधांची पेटी दिसते, पोषण ट्रॅकर भरायचा मोबाईल दिसतो. सेविकेच्या प्रशिक्षणात प्रथमोपचाराचा विषय येतो, पण विषय ऐकणं वेगळं आणि गुडघे टेकून हाताने करणं वेगळं.

मागे राहण्याचं कारण मला एकच दिसतं. प्रथमोपचार आला तो कामगार कायद्याच्या बोटाला धरून. आणि अंगणवाडी सेविकेला सरकारने कामगार मानलंच नाही. ती 'मानधनी', तिचा पगार नाही, मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. ती कामगार नाही, मग तिची अंगणवाडी कामाची जागा नाही, मग तिथे प्रमाणपत्रवाला माणूस ठेवायची सक्ती कुणावर?

कारखाना कायद्यातच आणखी एक गोष्ट वाचा. कलम ४५ मध्ये पेटी सांभाळणाऱ्याला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र सक्तीचं. त्यापुढे दोनच कलमं सोडून कलम ४८ आहे, कामगार बायांच्या पाळणाघराचं. तिथे एवढंच म्हटलंय, की पाळणाघर मुलांच्या संगोपनाचं प्रशिक्षण घेतलेल्या बाईच्या ताब्यात असावं. प्रमाणपत्राचा उल्लेख नाही. पेटीसाठी कागद मागितला, पाळण्यासाठी नाही.

आता कुणी म्हणेल, १०८ आहे की. आहे, आणि मोलाची आहे. जानेवारी २०१४ मध्ये राज्यात ही सेवा ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. पण श्वास बंद पडला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. भीमेच्या काठची वस्ती असो की शिरूरच्या टोकाची वाडी, तेवढ्या वेळात गाडी पोचणार नाही. तोवर जे करायचं ते तिथे असलेल्या बाईनेच.

आणि मुलांचं तंत्र मोठ्यांपेक्षा वेगळं आहे. मोठ्या माणसाचं बऱ्याचदा आधी हृदय बंद पडतं, म्हणून नुसती छाती दाबली तरी उपयोग होतो. लेकराचा बहुतेक वेळा आधी श्वास अडतो, म्हणून छाती दाबण्याबरोबर श्वास देणंही तेवढंच गरजेचं. घशात काही अडकलं आणि पोर जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाजच निघत नसेल तर एक वर्षावरच्या मुलाला खांद्यांच्या मधोमध पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ झटके. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधीच दाबायचं नाही, त्याला पाठीवर ५ थापा आणि छातीवर ५ दाब. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही. पाण्यातून काढलेल्या पोराला उलटं धरून फिरवण्यात किंवा पोट दाबून पाणी काढण्यात जाणारी मिनिटं त्याच्या श्वासाची असतात. पण हे वाचून येत नाही. सायकल वाचून येते का? हाताने करावं लागतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं.

पैसे कुठून येणार? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. जिल्हा परिषदेलाही तसंच बंधन आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करायचं बंधन आहे, आणि तशा कंपन्या आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांच्याकडे कायद्यामुळे प्रशिक्षित माणसंही आहेत. एक मोठी बाहुली, एक बाळाएवढी बाहुली आणि शिकवणारा एक माणूस. बीटमधल्या सगळ्या सेविका आणि मदतनीस एकेका दिवसात शिकून होतील. पण हा दिवस त्यांच्या मानधनाच्या कामात धरा, सुट्टीच्या दिवशी बोलावून नको. त्यांच्या डोक्यावर रजिस्टरं आणि ॲप आधीच कमी नाहीत.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. वर्षाला या चार ग्रामसभा तरी होतातच. पुढच्या ग्रामसभेत उठून एकच प्रश्न विचारा: आपल्या गावच्या १० टक्क्यांतून सेविकाताईंच्या सीपीआर प्रशिक्षणाला किती रुपये ठेवले? उत्तर काय मिळालं ते गावाच्या नावासह खाली लिहा. शिरूर असो की दौंड, ज्या ग्रामपंचायतीने आधी करून दाखवलं, तिची बातमी पहिल्यांदा मी करीन.