पंडिता रमाबाई आणि अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक

पंडिता रमाबाईंचे अमेरिकेतील वास्तव्य १८८६ ते १८८८ या काळात होते. १८८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना जनतेची अधिक मते मिळूनही रिपब्लिकन पक्षाचे बेंजामिन हॅरिसन निर्वाचक मंडळात २३३ विरुद्ध १६८ मतांनी विजयी झाले. स्त्रियांना त्यात मताधिकारच नव्हता. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात रमाबाईंनी तेथील लोकसत्ताक शासनपद्धतीचा गौरव केला. त्याचबरोबर स्त्रियांच्या स्थितीचा स्वतंत्र परामर्श घेतला. पारतंत्र्यातील एका स्त्रीने केलेले हे निरीक्षण पक्षीय जयापजयापलीकडे जाते. लोकसत्तेतील ‘लोक’ कोण, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. अमेरिकी राज्यघटनेने लिंगाधारित मतबंदी रद्द केली ती १९२० मध्ये.