रेंज कुणाला हवी?

गेल्या शनिवारी बेल्ह्याहून आणे घाटाकडे निघालो आणि मोबाईलची रेंज गुल! मित्र वैतागला, "अरे, पुण्याच्या इतकं जवळ आणि ही दशा?"

मला मात्र शेजारचं खोडद आठवलं. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. जागा निवडायचं एक कारण हेच, की इथे रेडिओचा गोंगाट कमी! ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, साधारण २५ किलोमीटरमध्ये पसरलेल्या. आणि गंमत बघा, त्या जोडल्या ऑप्टिकल फायबरने. लोक एसटीडी बूथवर रांग लावायचे, त्या काळात!

१९ ऑक्टोबर २०१६ला मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश इथेच पकडला गेला. यान आपटलं, पण उतरतानाची त्याची हाक खोडदला पोचली होती.

आता पेच असा, की मोबाईल टॉवर म्हणजे दुर्बिणीला गोंगाट. पण इथल्या शेतकऱ्याला टोमॅटोचा भाव आणि रात्री-अपरात्री डॉक्टर फोनवरच हवा. त्याला "गप्प बस" कोण सांगणार? आपण वीकेंडवाल्यांनी तरी तासभर फोन बंद ठेवायला काय हरकत आहे?

घाट चढल्यावर रेंज आली. सतरा मेसेज. कामाचा एकही नाही!