निलंबनास पर्याय की हानीची भरपाई? सार्वजनिक शाळांतील पुनर्स्थापक न्यायाचा पूर्वेतिहास

इंग्रजीत ज्यास ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात त्यास मराठीत सर्वमान्य असा प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही. प्रस्तुत लेखात ‘पुनर्स्थापक न्याय’ हा शब्द योजिला आहे. त्याचा आशय थोडक्यात असा की, अपराध म्हणजे केवळ नियमभंग नव्हे. ती एका माणसाने दुसऱ्याची केलेली हानी होय. तेव्हा कोणता नियम मोडला आणि त्यास दंड कोणता, एवढेच विचारून न थांबता, हानी कोणाची झाली व ती कोणी आणि कशी भरून द्यावयाची, हा प्रश्न सर्व संबंधितांना एकत्र बसवून सोडवावयाचा. ‘सार्वजनिक शाळा’ या शब्दाने येथे सरकारी खर्चाने चालणाऱ्या, सर्वांस खुल्या अशा शाळा अभिप्रेत आहेत. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ या नावाने ज्या महागड्या खाजगी शाळा ओळखल्या जातात त्यांचा येथे संबंध नाही.

या पद्धतीचा शाळांतील प्रवेश सामान्यतः एका सरळ रेषेत सांगितला जातो: आदिम समाजांची वर्तुळाकार बैठक, तिचे आधुनिक न्यायालयात पुनरुज्जीवन, तेथून शाळेत आगमन. आमच्या मते ही रेषा इतकी सरळ नाही. शाळांनी ही पद्धत दोन भिन्न प्रश्नांच्या उत्तरादाखल स्वीकारली. पहिला प्रश्न, हानी भरून कशी काढावी? दुसरा, शाळेबाहेर घालविल्या जाणाऱ्या मुलांची संख्या कमी कशी करावी? हे दोन प्रश्न एकच आहेत असे गृहीत धरले गेल्यामुळे या प्रयोगाच्या यशापयशाविषयी पुढे बराच घोळ माजला.

पहिल्या प्रश्नाचा उगम कॅनडात आहे. 1974 साली ऑन्टारिओ प्रांतातील एल्मायरा या लहान गावी दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली. त्यांच्यावर देखरेख ठेवणारा परिवीक्षा अधिकारी मार्क यान्त्झी याने न्यायाधीशांस सुचविले की, या तरुणांनी प्रत्येक नुकसानग्रस्ताच्या दारी जाऊन त्यास तोंड द्यावे. न्यायाधीश गॉर्डन मकॉनल यांनी, कायद्यात तशी तरतूद नसतानाही, ते मान्य केले. तरुण घरोघर गेले आणि काही महिन्यांत त्यांनी भरपाईही केली. या सूचनेच्या मुळाशी आदिम परंपरा नसून मेनोनाइट पंथाच्या कार्यकर्त्यांची धर्मबुद्धी होती, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

न्यूझीलंडची कथा वेगळी. माओरी मुले मोठ्या प्रमाणावर सरकारी सुधारगृहांत डांबली जात असल्याविरुद्धच्या असंतोषातून 1988 चा ‘पुआओ-ते-आता-तू’ हा अहवाल निघाला आणि पाठोपाठ 1989 चा बालक व कुटुंबविषयक कायदा झाला. तरुण अपराध्यासंबंधीचा निर्णय त्याच्या कुटुंबीयांच्या बैठकीत व्हावा, हे या कायद्याचे सार होय. येथे माओरी परंपरेचा आधार निःसंशय आहे. तथापि ही बैठक 1991 मध्ये ऑस्ट्रेलियातील वागा वागा येथे पोहोचली ती पोलीस सार्जंट टेरी ओकॉनेल याच्या हातून, आणि तेथे तिचे रूपांतर पोलिसाने चालवावयाच्या, ठराविक प्रश्नांच्या परिषदेत झाले. शाळांना वारशाने मिळाली ती ही दुसरी आवृत्ती. 1994 साली क्वीन्सलंडमधील मारूचीडोर येथील सरकारी माध्यमिक शाळेत नृत्यसमारंभानंतर मारहाणीचा गंभीर प्रकार घडला, तेव्हा तेथील समुपदेशिका मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी हीच पद्धत वापरली. शाळेत भरलेली ही पहिली परिषद, असे सामान्यतः मानले जाते.

येथे मराठी वाचकास आपल्याकडील गोतसभेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पांढरीच्या साक्षीने बसलेली सभा, सर्वांच्या समक्ष झालेला निवाडा, त्याचा महजर, ही सादृश्ये डोळ्यांत भरतात. परंतु साम्य बैठकीपुरतेच आहे. गोतसभेपुढील मुख्य प्रश्न वतन कोणाचे, मान कोणाचा, हा असे. आणि निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी दिवाणात जमा होई. हानी सोसणाऱ्याने बोलावे व ते अपराध्याने ऐकावे, हा तिचा हेतू नव्हता. परंपरेच्या नावाने नव्या पद्धतीस प्रतिष्ठा देण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच आवरावयास हवा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्याची भूमी अमेरिकेची होय व त्याचा कागदोपत्री पुरावाही विपुल आहे. 1971 च्या सुमारास ओहायो राज्यातील कोलंबस शहराच्या शाळांत वांशिक तणावातून दंगेधोपे झाले. ड्वाइट लोपेझ या विद्यार्थ्यास भोजनगृहातील गोंधळानंतर निलंबित करण्यात आले. त्याच दिवशी त्याच्या शाळेतून आणखी किमान 75 विद्यार्थी निलंबित झाले. आपण केवळ बघे होतो, असे त्याचे म्हणणे. पण ते ऐकून घेणारी सुनावणी कधी झालीच नाही. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनापूर्वीही विद्यार्थ्यास आरोप सांगितला पाहिजे व त्याची बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. त्याच वर्षी ‘चिल्ड्रेन्स डिफेन्स फंड’ या संस्थेने कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात निलंबित होत असल्याचे दाखविले. निकालाने आरोपीस वाणी दिली, हे मोठेच काम झाले. मात्र ज्याला मार बसला त्या मुलाचे स्थान या सुनावणीत साक्षीदारापलीकडे गेले नाही.

1994 च्या ‘गन-फ्री स्कूल्स ॲक्ट’ने बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास निदान एक वर्ष शाळेबाहेर ठेवण्याची अट घालून ती केंद्रीय अनुदानाशी जोडली. कायद्याचा विषय बंदूक. पण त्याच्या आश्रयाने ‘शून्य सहिष्णुता’ हे धोरण मारामारी, उद्धट उत्तर, वर्गातील अवज्ञा यांनाही लागू होत गेले. टेक्सास राज्यातील सुमारे 10 लक्ष विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून 2011 साली प्रसिद्ध झालेला अहवाल या दृष्टीने मननीय आहे. सातवी ते बारावी या काळात जवळजवळ 60 टक्के मुलांवर निलंबनाची वा निष्कासनाची कारवाई एकदा तरी झाली होती. त्याहून बोलका आकडा असा की, या कारवायांपैकी अवघ्या 3 टक्के कायद्याने अनिवार्य केलेल्या होत्या. बाकी सर्व शाळाधिकाऱ्यांच्या मर्जीच्या. कायदा कठोर म्हणून शाळा कठोर झाल्या, या समजुतीस या आकड्याने फारशी जागा उरत नाही.

या परिस्थितीत कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराने उचललेले पाऊल विशेष अभ्यसनीय होय. नागरी हक्कांच्या क्षेत्रातील वकील फानिया डेव्हिस यांनी 2005 मध्ये तेथे एक संस्था स्थापिली व 2007 मध्ये पश्चिम ओकलंडमधील कोल मिडल स्कूल येथे प्रयोगास आरंभ झाला. वर्गातील वर्तुळात सर्वांनी क्रमाने बोलावे, ज्याच्या हाती ठरलेली वस्तू असेल त्यानेच बोलावे व इतरांनी ऐकावे, अशी साधी रीत. भांडण झाल्यास दोन्ही पक्ष, त्यांचे पालक व शिक्षक यांचे वेगळे वर्तुळ बसे. बर्कली येथील विधि महाविद्यालयाच्या 2010 च्या अभ्यासात निलंबने 87 टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. हा आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला. कोल ही अल्प विद्यार्थिसंख्येची व बंद होण्याच्या वाटेवर असलेली शाळा होती, हे मात्र उद्धृत करणारे क्वचितच सांगतात. 2010 मध्ये शिक्षणमंडळाने ही पद्धत जिल्हाभर स्वीकारण्याचा ठराव केला. पुढे 2012 मध्ये, कृष्णवर्णीय मुलांच्या प्रमाणाबाहेर निलंबनाबद्दल चाललेल्या केंद्रीय चौकशीतून, जिल्ह्याने शिक्षणखात्याशी करार केला. त्यात पुनर्स्थापक न्याय हा निलंबने उतरविण्याचा एक उपाय म्हणून नोंदला गेला. एल्मायराचा प्रश्न येथे मागे पडला, आणि तो कोणी मागे सारला असेही नव्हे. तो आकड्यांच्या रकान्यात बसत नव्हता, इतकेच.

2014 च्या जानेवारीत केंद्र सरकारने देशभरच्या शाळांना मार्गदर्शक पत्र पाठविले. 2018 च्या डिसेंबरात ते मागे घेतले. त्याच महिन्यात रँड संस्थेचा पिट्सबर्गविषयक अहवाल आला. 44 शाळांपैकी निम्म्या चिठ्ठ्या टाकाव्या तशा यदृच्छेने निवडून तेथे दोन वर्षे ही पद्धत चालविली होती. निलंबने घटली, वांशिक तफावत कमी झाली, शिक्षकांस शाळेचे वातावरण सुधारल्यासारखे वाटले. परंतु सहावी ते आठवीच्या मुलांचे परीक्षांतील गुण खालावले, आणि शिक्षकांचे वर्गावरील नियंत्रण कमी पडते असे मुलांनीच सांगितले. शिकागोविषयी 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निलंबने व अटक दोन्ही घटल्याचे, व गुण न खालावल्याचे आढळले. 2025 च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने शालेय शिस्तीचे धोरण पुन्हा उलट्या दिशेस वळविले. दोन्ही पक्षांनी या अहवालांतून सोयीचे तेवढे उचलले. अहवालांचे मुख्य मोजमाप निलंबन, अटक व गुण यांचे होते. ज्याची हानी झाली त्या मुलास काय मिळाले, हा त्यांचा मध्यवर्ती विषय नव्हता. शाळेत हजर ठेवलेला अपराधी आणि समाधान पावलेला पीडित ही दोन निरनिराळी फळे होत. पहिले मोजून दुसऱ्याविषयी अनुमान काढता येत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकापुढील अडचण याच ठिकाणी आहे. निलंबनाची नोंद होते: तारीख, कारण, दिवस. वर्तुळात बोललेले वर्तुळाबाहेर न्यावयाचे नाही, असा संकेत असल्याने बैठकीचे टिपण सहसा राहत नाही. जी पद्धत यशस्वी होईल तितका पुरावा कमी ठेवते तिचे मूल्यमापन दप्तरावरून करावयाचे, तर निकाल आधीच एका बाजूस झुकलेला असतो. एल्मायराच्या घटनेतील दारोदारीच्या भेटी आपणांस कळतात त्या न्यायालयीन कागदांवरून कमी आणि त्यात भाग घेतलेल्या मंडळींनी पुढे सांगितलेल्या आठवणींवरून अधिक. कोल शाळेच्या बाबतीत असे संकलन करावयाचे तर त्या पहिल्या वर्तुळांत बसलेली मुले आता तिशीला पोहोचली आहेत, आणि त्यांची शाळा उरलेली नाही.